मोठ्यानं केलेली प्रार्थना

मी प्रार्थना मोठ्यानं करते. कर्जतहून टांग्यानं येणारे पाळकसाहेब मला समजावून थकले. "बाई, खोलीत जावं, दार लावावं, मनातल्या मनात बोलावं. देवाला ऐकू येतं." देवाला येत असेल हो, पण मला मनातल्या मनात बोलता येत नाही त्याचं काय? भांडणसुद्धा मी कधी मनात केलं नाही. शिवाय खालापूरकडच्या आमच्या घराला खोली होती कुठे! एक चूल, गुरांची पडवी आणि पुढची ओटी. आमच्याकडे देवळापुढे गाऱ्हाणं घालायची रीत. एक जण उभा राहून घराघराचं सुखदुःख देवाला खणखणीत आवाजात सांगणार. बाप्तिस्मा घेतला म्हणून ती सवय थोडीच जाते? दिवेलागणीला मी ओटीवर बसायची आणि साऱ्या आळीची नावं घेऊन प्रभूला सांगायची.

बाप्तिस्म्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात गावानं आमची सावड तोडली. आज सगळ्यांनी मिळून तुमच्या शेतात भात लावायचं, उद्या आमच्या, ही सावड. तेव्हा त्या बाजूला कारखाने नव्हते, भातावरच सगळं. कुणी शिवी दिली नाही, फक्त आमची पाळी आली तेव्हा बांधावर कुणी फिरकलंच नाही. रोपं जून व्हायला लागली. आणखी आठवडा गेला असता तर लावून उपयोग नव्हता, मग वर्षभर खायचं काय? नवऱ्यानं आणि मी कंबर मोडेस्तोवर लावलं, तरी एक कोपराच झाला. मला रडू नाही आलं, राग आला. त्यातून शेजारच्या काकीचा जास्त. लग्न होऊन आल्यापासून आम्ही दोघी शेजारी शेजारी वाकून लावणी करायचो, आणि ही बया आता तोंड फिरवून जात होती!

तरी तिचं नाव मी प्रार्थनेतून गाळलं नाही. तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि पोरीचे पाय भप्प सुजले होते. एका संध्याकाळी मी तेच सांगत होते, तर काकी तणतणत ओटीपुढे येऊन उभी.

"आमची नावं कशाला घेतेस गं तुज्या देवापुढं? करणी करतेस काय?"

"आलीस तर सगळं ऐकून जा, काकी," मी म्हटलं आणि पुन्हा डोळे मिटले. रागात होते, लपवू कशाला? "देवा, ही माज्यावर उलटली. मला हिचा संताप येतोय, तो तू बघ. पन हिच्या पोरीला सुखरूप सोडव. हिला झोप नाय, झोप दे. आमचं शेत पडीक राह्यलं तरी चालंल..." इथं जीभ अडखळली. "नाय चालायचं, देवा. पन आधी पोरीचं बघ."

डोळे उघडले तर काकी गेलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्यानं शेतातून हाक मारली. बघते तर बांधावर पावसाची, पानांची इरली डोक्यावर घेतलेल्या बायांची रांग, आणि पुढे काकी! लेक अजून सुटली नव्हती, तरी आली होती. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पदर खोचला, रोपांची मूठ उचलली आणि खेकसली, "किती जून केलीस गं रोपं! अक्कल हाय का?"

"तू येळेवर आली असतीस तर झाली असती का?" मीही ऐकणारी नव्हते. बाया फिदीफिदी हसल्या आणि लावणीला वाकल्या. माझा आनंद अंगात मावेना.

संध्याकाळी शेवटची पात उरली, तेव्हा मला राहवेना. चिखलातच हात जोडले आणि सुरुवात केली. आधी उपकार मानले, मग पोरीचं सांगायला लागले. पलीकडे एका तरण्या सुनेचं लावणीचं गाणं चालूच होतं. काकी तिच्यावर ओरडली, "गप गं! माज्या लेकीचं सांगते हाय ती. ऐकू जाऊ दे त्याला!"

गाणं थांबलं. साऱ्या बाया हातात रोपं धरून चिखलात उभ्या राहिल्या, आणि मी आवाज आणखी चढवला.