घशातला काटा

करडीजवळच्या आमच्या ढिवर मोहल्ल्यात कुणाच्या घशात काटा अडकला की सगळ्यांना आधी माझी माय आठवते. तिची बोटं बारीक आणि लांब. जबडा दाबून धरायचा, दोन बोटं आत घालायची, की काटा बाहेर. पोरांचे काढले, मांजरांचे काढले, एकदा तर सरपंचाच्या घरी आलेल्या पाहुण्याचाही काढला. मासोळीवर जगणारी माणसं आम्ही. आमची कुत्री-मांजरंही मासोळीची डोकीच खातात. त्यामुळे जनावरानं तोंड वाकडं केलं की आम्हाला दुसरं काही सुचतच नाही.

आमचा तांबडा कुत्रा त्या सकाळी जाळ्यांच्या ढिगाआड बसला होता. जबडा लोंबलेला, लाळ गळतेय. पाण्याच्या भांड्यात नुसतं तोंड बुडवायचा. पाणी काही आत जायचं नाही. "काटा अडकला वाटते त्याले. धर बरं," माय म्हणाली. मी मान धरली. एरवी अंगाला हात न लावू देणारा तो, जराही धडपडला नाही. आदल्याच दिवशी मांगूर मासोळीच्या काट्यानं मायचं बोट फाटलं होतं. त्यावरची चिंधी सोडून तिनं हात आत घातला आणि बराच वेळ चाचपला. "काटा तं नाई भेटून राहिला," म्हणत हात लुगड्याला पुसला आणि चहा ठेवायला गेली.

दुसऱ्या दिवशी कुत्रा मेला. मी मोहाडीला कामाला जाते. तिथल्या जनावरांच्या डॉक्टरांना मी सहज बोलता बोलता सांगितलं, आमचा कुत्रा घशात काटा अडकून मेला. त्यांनी जबड्याचं विचारलं, लाळेचं विचारलं. मध्यंतरी दुसऱ्या कुत्र्याशी भांडला होता का, तेही विचारलं. भांडला होता, महिनाभरापूर्वी कान फाटून घरी आला होता. मग डॉक्टर म्हणाले, "त्याच्या तोंडात हात कुणी घातला?"

पिसाळलेला कुत्रा म्हणजे दिसेल त्याला चावत सुटणारा, एवढंच आम्हाला ठाऊक. काही कुत्री अशी गुपचूप जबडा टाकूनही मरतात आणि त्यांची लाळ उघड्या जखमेला लागली तरी तो रोग व्हायला पुरते, हे मला त्या दिवशी कळलं. एकदा लक्षणं दिसली, पाणी गिळेनासं झालं, की माणूस वाचत नाही, हेही त्यांनी सांगितलं.

आता लाजेची गोष्ट सांगते. त्याच वर्षी ग्रामपंचायतीच्या आवारात कुत्र्या-मांजरांना लस टोचायचं शिबिर होतं. फुकट. त्याच दिवशी तलावात जाळं टाकायचं होतं. माय दोर घेऊन कुत्र्याला न्यायला निघालीसुद्धा होती, आणि मी म्हटलं होतं, "कुत्र्याले कायची लस? पुढच्या बारीले पाहू." घरातली शिकलेली मी!

घरी पोचल्या पोचल्या मायचा हात नळाखाली धरला आणि साबणानं घासत बसले. दवाखान्याचं नाव काढताच ती अडून बसली. "चावलाच नाई तं सुई कायले? लोक हासतीन मले."

"हासू दे! चाल म्हटलं तं चाल!" आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्यावर ओरडले.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात त्या फाटलेल्या बोटातच सुया टोचल्या. मायनं माझं मनगट आवळून धरलं. पुढच्या प्रत्येक तारखेला मी तिला ओढतच नेलं. सुया मीही घेतल्या. शेवटची झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "आता भिऊ नका." माय आधीही भ्याली नव्हती. मी मात्र भीतच राहिले. तिनं पाण्याचा लोटा उचलला की माझ्या हातचं काम थांबायचं.

तिनं काटे काढणं सोडलं. शेजारीण पोराला घेऊन आली की म्हणायची, "दवाखान्यात ने वो," आणि हात पदराखाली घ्यायची. ते बघून मला फार वाईट वाटायचं.

मागच्या आठवड्यात आम्ही दोघी दुपारी जेवायला बसलो होतो. मायनं लोटा तोंडाला लावला आणि घोट तसाच बाहेर आला. तिनं गळा धरला. तिला बोलता येईना. डोळे माझ्याकडे लागलेले. सगळ्या सुया झाल्यात, असं मी मनात घोकत होते आणि माझाच त्यावर विश्वास बसत नव्हता. तरी उठले. ती दाबायची तसाच तिचा जबडा दाबला आणि दोन बोटं आत घातली. त्या क्षणी मला माझ्या मायच्या दातांची भीती वाटली, हे कबूल करते. मग बोटाला काहीतरी टोचलं.

काटा होता. रोहूचा, पेराएवढा. तो तळहातावर घेऊन मी मोठ्यानं रडायला लागले. माय खाकरली, घटाघटा लोटाभर पाणी प्याली आणि म्हणाली, "काटाच तं होय वो. काहून रडून राहिली?"