उस्मान मिस्त्रींची कमान

उस्मान मिस्त्रींबद्दल मला खरं तर फार थोडं ठाऊक आहे. ते अकोटला राहत, एवढंच. घर कुठल्या गल्लीत, मुलंबाळं किती, हे मी कधी विचारलं नाही. लिहायचाही मला सराव नाही. पण आमच्या चर्चमधली वेदीसमोरची कमान आज उभी आहे ती त्यांच्यामुळे, आणि हे सांगणारं आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

चर्च अठराशे नव्याण्णवच्या मोठ्या दुष्काळानंतरचं. काळ्या दगडाच्या जाड भिंती, वर कौलं, आणि मधोमध विटांची ती मोठी कमान. ती मिस्त्रींच्या वडिलांनी बांधलेली. एकोणीसशे अठ्ठावन्न साली तिला भेग पडली. नागपूरहून इंजिनिअर आले, म्हणाले, पाडून लोखंडी तुळई टाका. फादरांनाही ते पटलं. तेवढ्यात मिस्त्री आले.

"फादर, कमानीचा कसूर नाही. खाली काळी माती हाये. भादव्यात फुगते, चैतात फाटते. एक साल द्या मले."

त्यांनी बैलाच्या घाण्यात चुना मळून, त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घालून भेग भरली. वर काचेच्या तीन पट्ट्या आडव्या चिकटवल्या. "काच फुटली तं समजा कमान हालली. मंग खुशाल पाडा."

पावसाळा गेला. काचा शाबूत होत्या.

मी मिशनच्या शाळेत मास्तर होतो. नाताळच्या आधी पताका बांधायचं काम माझ्याकडे असे. शिडीवर चढून लांब बांबूने दोरी सरकवताना बांबूचं टोक मधल्या काचेवर आपटलं. बारीक आवाज झाला, काच तडकली. मी खाली उतरलो आणि कुणाला काही बोललो नाही.

दोन दिवसांनी फादरांनी काच पाहिली आणि मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री शिडीवर चढले. शिडी मीच धरली होती. त्यांनी काचेवरून बोट फिरवलं, वरच्या पताकांकडे पाहिलं, आणि खाली उतरले.

"काचच हलकी होती, फादर. दुसरी लावतो. उन्हाळा निघू द्या."

"खाली लोक गुडघे टेकतात, मिस्त्री. कुणाच्या डोक्यावर पडली तर?"

"तं मी बसतो ना खाली."

मला वाटलं, बोलण्यापुरतं बोलले. पण पुढच्या रविवारी ते खरंच पहिल्या एसटीने आले. डोक्यावर टोपी, बगलेत घडी केलेलं पोतं. मिस्सेची प्रार्थना सुरू झाली तशी ते कमानीच्या बरोबर खाली पोतं अंथरून बसले. बाकीचे सगळे मागे सरकून बसलेले. त्यानंतर एकही रविवार चुकला नाही.

चर्च झाडणाऱ्या सुंदराबाई फटकळ तोंडाच्या. त्यांनी एकदा व्हरांड्यात सगळ्यांसमोर विचारलं, "काहून मिस्त्री, बाप्तिस्मा घेऊन राहिले का?"

"तुमी पयले कमानीखाली बसून दाखवा बाई, मंग इचार करतो."

"मले भेव दाखवता?" म्हणत पुढच्या रविवारी सुंदराबाई त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. मग त्यांच्या सुना, मग बाकीची माणसं. ईस्टरपर्यंत मिस्त्रींना मांडी घालायला जागा उरली नाही. मी मात्र शेवटच्या बाकावरच बसत होतो.

ज्येष्ठ उलटला. तिन्ही काचा शाबूत राहिल्या. तुळईचं नाव फादरांनी पुन्हा काढलं नाही.

डिसेंबरात मिस्त्री काचा काढायला आले. ती आमची शेवटची भेट; पुढच्या उन्हाळ्यात ते वारले. मी त्यांना एसटीपर्यंत सोडायला गेलो. सांगून टाकावं असं वाटेभर मनात होतं, पण मी पावसापाण्याचंच बोलत राहिलो. 

गाडी आली. पायरीवर चढून ते वळले.

"मास्तर, अवंदा पताका जरा खाली बांधजा."

"बांधतो," मी म्हणालो.