मावशीला चुकवून गेलेलं ताट

निजामाचं राज्य जायच्या तीन-चार वर्षं आधी मी जवळा बाजारजवळच्या एका गावात मिशनच्या शाळेत मास्तर होतो. शाळेच्याच खोलीत रविवारी उपासना व्हायची, तीही मीच चालवायचो. ख्रिस्ती घरं बारा-तेरा. दर तीन महिन्यांनी पाद्री येऊन प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणाची भाकर आणि द्राक्षरस, देत. ते कोणाला मिळावं आणि कोणाला नाही, हे मात्र माझ्या शब्दावर ठरे. तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि देवाची सगळी मर्जी आपल्याला ठाऊक आहे असं समजत होतो.

या ख्रिस्ती मंडळीत एक विधवा होती. सगळे तिला मावशी म्हणत. तिच्या नातवाला हिवताप आला, तेव्हा तिनं दर्ग्याच्या मुजावराकडून मंतरलेला काळा दोरा आणून त्याच्या दंडाला बांधला. रविवारी तो माझ्या नजरेला पडला. मी तिला सगळ्यांसमोर उभं केलं.

"मावशी, आपला देव लहान पडला का तुम्हाला?"

"काहून लहान पडंल? लेकरू तापानं करपून राहिलं व्हतं, मास्तर."

मागून कोणीतरी म्हणालं, "आता तिकडंच जाऊन बस, मावशे, चादर चढवाया." लोक हसले. मीही हसलो. कातर मागवून दोरा कापला. ती एवढंच म्हणाली, "हळू, पोराला लागंल." पश्चात्ताप झाला असं चारचौघांत म्हण, असं मी बजावलं. "मी देवाला सोडलं न्हाई, मंग कशाचा पश्चात्ताप?" असं म्हणून ती दाराशी जाऊन बसली. त्या दिवसापासून ती प्रभुभोजनाला बंद झाली, मंडळीच्या भाषेत 'शिस्तीखाली' गेली. भाकरीचं ताट मीच फिरवत असे. तिच्यापाशी आलं की मी ते पुढे नेई.

पुढं ज्वारी हुरड्यावर आली असताना माझ्या चार वर्षांच्या मुलीला मुदतीचा ताप भरला. हिंगोलीहून आणलेले डॉक्टर म्हणाले, "एकवीस दिवस निघाले तर पोर वाचेल. पेज द्या, पट्ट्या ठेवा." त्या काळी त्याला दुसरं औषध नव्हतं. मी गुडघे टेकत होतो, पण तोंडातून शब्द निघत तेव्हा कान पोरीच्या श्वासाकडे असत. अठराव्या दिवशी ती बरळू लागली. बायको म्हणाली, "अहो, तुमी लोकांना सांगता ना, देव सगळं जाणतो म्हणून? मंग तुमचे हात काहून कापतात?"

त्या दिवशी बाजार होता. मोसंबी आणतो असं सांगून मी निघालो आणि थेट मुजावराकडे गेलो. म्हाताऱ्यानं मला ओळखलं. "मास्टर, आप?" मग दोरा देताना म्हणाला, "खैर. बच्ची तो बच्ची है." परत येताना ओळखीचं कोणी दिसलं की माझी मूठ आपोआप आवळली जात होती. दंडाला बांधला तर दिसेल, म्हणून मी तो झग्याखाली पोरीच्या कमरेला बांधला. बायकोलाही सांगितलं नाही.

पट्ट्या बदलायला रोज येत होती ती मावशीच. मी बोलावलं नव्हतं, तरी येत होती. दुसऱ्या दिवशी अंग पुसताना तिनं झगा वर केला. मी दारातच होतो. तिचा हात थांबला. मग तिनं झगा सारखा केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पट्टी वाळली, मास्तर. दुसरी द्या."

त्यानंतरचे चार दिवस मी दोन भीतींत काढले. पोर जाईल ही एक, मावशी बोलेल ही दुसरी. लिहायला लाज वाटते, पण कधीकधी दुसरी मोठी व्हायची.

तेविसाव्या दिवशी घाम फुटून ताप उतरला. पाद्री आले तेव्हा उपकारस्तुती झाली. मी उभा राहून साक्ष दिली, की मी लेकरू फक्त देवाच्या हाती सोपवलं होतं. बायका डोळे पुसत होत्या. मग मी ताट घेतलं, आणि मावशीपाशी आल्यावर पुढे नेलं. बाहेर तिनं मला गाठलं.

"भिऊ नका, मी बोलनार न्हाई. देव लई मोठा हाय, मास्तर. तुमच्यावर बी रुसला न्हाई त्यो."

तिला परत घ्यायचं तर कारण सांगावं लागलं असतं. पुढच्या खेपेला सांगू, असं म्हणत मी वर्ष घालवलं. मग पटकीची साथ आली आणि मावशीला घेऊन गेली. जाण्याआधी तिनं मला बोलावलं, तेव्हा खाटेभोवती चार माणसं होती. ती म्हणाली, "प्रार्थना करा." मी केली. माफी मागितली नाही. मातीच्या वेळी पाद्रींनी हळूच विचारलं, "ही शिस्तीखाली होती ना?" मी म्हणालो, "होय."

मुलगी कशानं वाचली, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं. दोऱ्यानं वाचली असं मी मानत नाही. माझ्या विश्वासानं तर नाहीच. त्याच्यावर अवलंबून असती तर अठराव्या दिवशीच गेली असती. देवानं वाचवली. मला पुरता ओळखून वाचवली. एवढ्यावर मी टेकून आहे, तरी त्याच्यापुढे उभं राहायची धास्ती अजून जात नाही.

आता म्हातारपणी, येत्या रविवारी हे मंडळीपुढे वाचायचं ठरवलं आहे. त्याआधी मुलीला घरी बोलावलंय. वडिलांच्या विश्वासानं मी जगले, असं ती आजवर आपल्या मुलांना सांगत आली. पण मावशी निर्दोष होती, बंद व्हायला हवा होता तो मी, हे माझ्याच तोंडून मुलीला कळलं पाहिजे.