शिडावर घातलेले वाटे

आयुष्यात मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो मंजुळाबयचा. रेवसजवळच्या आमच्या कोळीवाड्यात ती मासळी विकायची. गेल्या महिन्यात ती गेली. लछमीबाईंचे कार्ड आले तेव्हा मी अलिबागच्या कचेरीत होतो.

फाळणीनंतर सिंधमधून आलेली काही कुटुंबे आमच्याकडे मिठाच्या रिकाम्या गोदामात उतरली होती. लछमीबाई त्यांतल्याच. सुरुवातीला मुंबईची एक समिती धान्य, कापड, कांबळी पाठवी आणि तिचीच माणसे येऊन वाटत. पुढे समितीने ठरवले, हे काम आता गावाच्या मंडळाने करावे. मंडळात शिकलेला मी एकटाच, नुकताच बी. ए. झालेला, घराण्यातला पहिला. वाटप माझ्याकडे आले. भांडणे नकोत म्हणून मी शाळेचे दार लावून घेतले, दोन दिवस खपून प्रत्येक कुटुंबाचे गाठोडे बांधले, वर नावाची चिठ्ठी लावली. एकानेही गाठोडे उचलले नाही. दाराआड चांगली कांबळी कुणाच्या घरी गेली, अशी कुजबुज गोदामात होती, गावातही होती. गोदामातल्या कुटुंबांनी मुंबईला कळवले, आम्हाला मोठ्या छावणीत हलवा. समितीचे गृहस्थ रविवारच्या लाँचने येणार होते. तोवर मंडळावर विश्वास बसला नाही, तर मुले नुकती शाळेत रुळलेली ही माणसे पुन्हा बिऱ्हाड उचलून जाणार होती.

मंजुळाबय शाळेत आली, गाठोड्यांकडे बघत राहिली.

"दार कशाला लावलंस रं?"

"काम शांतपणे व्हावं म्हणून."

"मासली कवा दाराआड वाटताना बघलीस? का बीए झालास तो बी दार लावूनच?"

आमच्याकडे होडी लागली की मासळीचे वाटे किनाऱ्यावर, सगळ्यांदेखत घालतात. आणि जो वाटे घालतो तो आपला वाटा शेवटी उचलतो. लहानपणापासून पाहिलेली ही रीत पदवी घेऊन आल्यावर मला आठवलीही नव्हती.

रविवारी सकाळी बयने माझ्या सगळ्या गाठी सोडल्या, गोदामासमोर जुने शीड पसरले आणि लछमीबाईंना पुढे बोलावले.

"वाटे तू घाल. तुझा शेवटी."

"और कम पड़ा तो?"

"तं तुलाच कमी. म्हनून तं नीट घालशील."

लछमीबाई हसल्या. त्यांना हसताना मी प्रथमच पाहत होतो. एकेक कांबळे चाचपून, धड आणि फाटके मिसळून त्यांनी वाटे घातले. माणसे उठून उचलू लागली. शेवटचे कांबळे कडेला विरलेले होते. ते त्यांनी खांद्यावर टाकले. लाँचने आलेले गृहस्थ हे बघत उभे होते. "ही पद्धत कुणाची?" त्यांनी विचारले.

"मंडलाची," बय म्हणाली. "ह्यो आमचा शिकलेला पोर हाय ना."

मी गप्प राहिलो... कुटुंबे गावातच राहिली, आणि वाटप पुढे त्याच शिडावर होत गेले.

परवा लछमीबाईंनी एक पाकीट पाठवले. बयच्या पानाच्या डब्यात माझे जुने पत्र होते. बयला वाचता येत नसे. ती सांगेल तेव्हा लछमीबाई ते वाचून दाखवत.

"ती. बयेस साष्टांग नमस्कार. मला नोकरीच्या गावी खोली मिळाली. आम्ही कचेरीतले सहा जण, खोल्या सहा. कुणाला कुठली द्यायची ते ठरवण्याचे काम माझ्याकडे होते. सगळ्यांना अंगणात बोलावले आणि मी शेवटी घेतली. छप्पर गळते, पण शेजारी पाचही जण बोलतात. त्या रविवारी पाहुण्यांपुढे मी गप्प बसलो, ते मनातून जात नाही. कौले चाळून घेतली की कळवतो. राहायला ये."