मेक कुनाचा?

मालकाच्या वसरीवर हैदराबादचा साहेब आलता. माझ्या हातचे बूट पायात घालून इकडून तिकडं चालून बघायलता. मी खाली अंगनात, पायऱ्यांपासून लांब, हात बांधून उभा. चांभाराची जागा ती.

साहेबानं एक बूट काढला, उलटा करून बघितला आन इचारलं, "मेक क्या है?"

मला ऐकू आलं मेख. आमी खिळ्याला मेखच म्हंतो. वाटलं, साहेबाच्या पायाला टोचलं असंल. घाईघाईनं बोललो, "मेख एकबी न्हाई सरकार! सगळी हातची शिवन हाय."

साहेब खो खो हसला. धाकले मालक मातर हसले न्हाईत. परभनीत त्यांचं बुटाचं दुकान. माझे जोडे तिथं विलायती म्हनून खपायचे. "इंग्लिश मेक है साहब, ये तो मरम्मतवाला है," असं म्हनून ते माझ्याकडं वळले.

"लय तोंड सुटलंय रं तुझं? तुमी लोकं मेखा तोंडात धरूनच काम करता न्हवं? धर!"

माझ्याच पिशवीतली मेख काढायला लावली. दातात धरायला लावली. साहेबाचा चहा होईस्तोर मी तसाच उभा. लाळ गळून सदरा भिजला. पुसू बी दिली न्हाई. त्या दिसापून गावानं माझं नाव मेख्या ठिवलं. आमच्या चांभारवाड्यातली पोरंसोरं बी तेच म्हनायली. मला राग यायचा, पन माझ्याच अडानीपनाचा.

माझा मामा औरंगाबादच्या छावनीत गोऱ्यांची खोगिरं शिवायचा. तो घरी आला तवा त्याला इचारलं, "मामा, मेक म्हंजी काय असतंय?"

"कुनाच्या हातचं हाय, त्ये," मामा म्हनला.

"मंग मालकाच्या दुकानावर इंग्रजीत नाव टांगलंय त्ये?"

"त्यो ब्रँड. म्हंजी डाग. छावनीत घोड्याच्या पुठ्ठ्यावर लोखंड तापवून द्यायचे. जनावर कुनाचं ते कळावं म्हनून. दुकानदाराचं बी तसंच. माल कुनी का करंना, डाग आपला."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. अरे, साहेबानं इचारलं व्हतं कुनी केलं! करनारा म्होरं उभा व्हता. आन त्याच्याच तोंडात खिळा! आमी मरमरून शिवायचं आन हे आयत्या बिळावर नागोबा. अडानी मी व्हतो, पन चोर कोन व्हता?

काही दिसांनी धाकले मालक आमच्या वाड्याच्या तोंडाशी आले. गड्याच्या हातात लोखंडी ठसा, त्याच्यावर इंग्रजी अक्षरं.

"हर एक तळव्यावर ह्यो ठोकायचा."

"न्हाई ठोकनार."

"काय म्हनलास?"

"मेक माझा हाय मालक. तुमचा डाग न्हाई लागायचा."

माझा बाप पळत आला आन मालकाम्होरं पालथा पडला. "लेकरू हाय मालक, चुकलं त्याचं." लेकरू! मला सवताला लेकरं हायेत. मालकानं बापाचा पटका पायानं उडवला आन म्हनले, "समजाव ह्याला. नसता ह्या गावात तुमची आरी चालू देनार न्हाई."

त्यांच्यासाठी शिवलेले बूट तिथंच मांडून ठिवले व्हते. मी रापी घेतली आन त्यांच्या डोळ्यांदेखत एकेक तळवा चिरला. सवताच्या हातची शिवन सवता चिरताना लय दुखलं. पन चिरली.

गावानं आमाला काम देनं बंद केलं. बापानं बोलनं टाकलं. बायको म्हनली, "लेकरांला काय घालायचं आता?" मी म्हनलं, "बिऱ्हाड बांध."

आता सोनपेठच्या बाजारात उघड्यावर बसतो. गिऱ्हाईक जोडा उचलून इचारतंय, "कुनाच्या हातचा?" मी माझं नाव सांगतो, जात बी सांगतो. काही जन जोडा खाली टाकून जातेत. जाऊ द्या. मालकाची मानसं येऊन दम देऊन गेली. आनखी येतील. येऊ द्या की. मी हितून उठनार न्हाई.