माह्या रक्ताचं फॅट

हसायचं असन तं पहिलेच हसून घ्या बापा, मंग मधात मले टोकू नका. येडेपणा मी जन्मात लय केला, पण हा त्यातला पहिल्या नंबरचा. अन् सांगतो मीच. काऊन? तं आमची बुढी, म्हणजे घरवाली, सांगते तवा तिखटमीठ लावून सांगते.

गोष्ट दोन हजार सालाच्या आगंमागंची. गाव आमचं आर्वीकडलं. घरी चार म्हशी. रोज सकाळी कॅन घेऊन डेअरीवर जायचं. तिथं मशीनमंधी दुधाचं फॅट मोजत. ज्याचं फॅट जास्त, त्याचा मान मोठा; ज्याचं उतरलं, त्यानं दुधात पाणी टाकलं समजा. अन् माह्या म्हशीच्या फॅटले हात लावणारा गावात कोणी पैदा झाला नव्हता! डेअरीवाला आकडा मोठ्यानं वाचे, सारे माह्याकडं पाहत, अन् मी कुठं पाहो? आभाळाकडं. जसं काई झालंच नाई.

चौथीतून शाळा सोडलेला माणूस मी. पण फॅट मले समजे.

तवा गावच्या शाळेत रक्त तपासाचं शिबिर लागलं. सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यातून डॉक्टर लोकं आलते. मी म्हटलं, मले काय झालं? मी नाई जात. पण बुढी ऐकते का?

तिचं बी खरं होतं. माह्या मोठ्या भावाले लकवा मारलता. सकाळी दाढी करता करता वस्तरा हातातून गळला, तोंड वाकडं झालं, अन् मंग दोन साल खाटेवर. आवाज असा खणखणीत माणसाचा, की शिवारात या टोकावरून हाक मारली तं त्या टोकाले बैल थांबे. तो मले पाहून नुसता ऊं ऊं करे.

"अवो, तुम्ही बी त्याच घरचे हा," बुढी म्हणे. "रक्त देऊन या. नाई तं आज चूल पेटत नाई."

त्याच वख्ती माह्ये इवाई आलते नातवाच्या जावळाले. इवाई म्हणजे आमच्या सुनेचे, सुनंदाचे बाप, महादेवराव. केळझरकडले. काडीपैलवान माणूस, अन् एकच धंदा, मी जे बोलीन त्याच्या उलटं बोलणे. मी म्हटलं पाऊस येते, तं हे धोतर वाळू घालत. बुढीनं त्यायले बी माह्यासंगं धाडलं.

चार दिवसांनी नर्सबाई कागद वाटाले बसली. म्हणे, "काका, तुमच्या रक्तातलं फॅट खूप वाढलंय. दोनशे नव्वद. शुक्रवारी डॉक्टर मॅडमला येऊन भेटा."

"अन् आमच्या इवायाचं?"

"त्यांचं एकशे साठ."

एकशे साठ! मी इवायाकडं असं पाह्यलं, जसं डेअरीवर सायीबिगरचं दूध आणणाऱ्याकडं पाहतात.

आता तुम्ही म्हणान, म्हाताऱ्या, तुले येवढं बी समजलं नाई? नाई समजलं! तीस साल फॅट वाढलं की मान वाढे, तं रक्ताचं वाढलं म्हणून मान कसा कमी होईन?

शुक्रवारी मी काई गेलो नाई. बाई शाबासकी देईन, हारतुरे करन, म्हशी कोण पाहीन? पण डेअरीवर पेढे वाटले. डेअरीवाला बी म्हणे, "वा काका, म्हस तशी अन् मालक तसा!" त्या लेकाले बी कुठं अक्कल!

इवाई गावाले निघाले तं मी त्यायच्या हाती तुपाचा डबा देल्ला. पुरा दोन किलोचा.

"इवाई, रोज सकाळी दोन चमचे खाजा. वरणात येगळं. एकशे साठ म्हणजे काई जगणं झालं का?"

"पाहू," इवाई बोलले अन् डबा काखेत मारला.

अन् मी? मी तं आकडा राखाले बसलो! सकाळी वाटीभर साय साखर टाकून, दुपारी भाकरीवर लोणी. तीनशे पार कराचं होतं मले.

महिनाभरानं दारात जीप थांबली. डॉक्टरीणबाई सोता उतरल्या! मी सुनेले आवाज देल्ला, "सुनंदा, शिरा टाक! तूप हात आखडून टाकू नको!"

बाई खाटेवर बसल्या. "काका, तुम्ही भेटायला आलाच नाहीत."

"म्हशी असतात बाई. पण तुम्ही घरी आल्या, मोठेपण तुमचं. पहिला नंबर माहाच ना गावात?"

"हो, तुमचाच. म्हणून तर आले."

मी बुढीकडं पाह्यलं. पाह्य!

"घरात कुणाला लकवा झाला होता का?"

आता हे काऊन विचारते ही बाई? "भावाले," मी म्हटलं.

"काका, रक्तात अशी चरबी वाढली की नसांना आतून थर बसतो. डोक्याकडे जाणारी नस बंद झाली, की लकवा. तुमचा आकडा धोक्याचा आहे."

शिऱ्याची बशी माह्या हातात होती. ती अशी कापाले लागली, की तूप धोतरावर सांडलं.

"बाई! हात हालून राह्यला! आला, लकवा आला! माह्यं तोंड पाहा, वाकडं झालं का?"

बुढी म्हणे, "तोंड तं लग्नापासून असंच हाये."

बाईनं बीपी पाह्यला. माह्याकडून आपली बोटं दाबून घेतली, हात वर करवले, दात दाखवाले लावले. मंग हसल्या. "काही झालेलं नाही काका, घाबरलात तुम्ही. वेळेवर सापडलात. रोज ही गोळी, तूप-साय बंद, बिडी बंद, अन् पायी फिरायचं."

मी मोठा सुस्कारा सोडला. तो पुरा बाहेर बी नाई आला, तं सैपाकघराच्या दारातून सुनंदा बोलली, "मामाजी, बाबाले तुम्ही तूप किती देल्लं होतं?"

दोन किलो! रोज दोन चमचे, वरणात येगळं! इवायाघरी फोन नाई, गावात मोबाईल कोणी पाह्यला नाई. तसाच धोतराले तूप लागलेला मी आर्वीच्या डेपोवर पळालो. वर्ध्याची गाडी पकडली, तिथून केळझरची. साऱ्या रस्त्यानं एकच गोष्ट डोक्यात. ज्या पोरीनं मले हातानं वाढलं, तिचा बाप मी मारला. तो बी चमच्या-चमच्यानं.

भर दुपारी पोहोचलो. पाह्यतो तं काय! इवाई अंगणातल्या खाटेवर आडवे, तोंड उघडं, एक हात खाली लोंबलेला.

"इवाई!" मी असा बोंबललो, की शेजारचं कुत्रं पळालं.

महादेवराव दचकून उठले. "काऊन बोंबलता हो? आत्ता कुठं डोळा लागला होता!"

"हात वर करा! हसून दाखवा!"

"तुमाले पाहून काऊन हासू?"

"तूप किती खाल्लं? खरं सांगा!"

"एक चमचा बी नाई."

"काऊन?"

"तुम्ही खा म्हटलं म्हणून. तुमचं आयकून चाललो असतो तं कवाच मेलो असतो, इवाई."

विहीणबाई पाण्याचा लोटा घेऊन आल्या. म्हणे, "डबा वाया नाई गेला. रोज गणपतीच्या देवळात दिवा लावून राह्यली मी त्या तुपाचा."

मी तिथंच ओट्यावर बसलो अन् पोट्ट्यासारखा रडलो. त्या माणसाच्या उलट्या खोपडीले मी जन्मभर शिव्या घातल्या, त्या दिवशी त्याच खोपडीचे पाय धराचे बाकी ठेवले.

मंग तीन महिने काढले. कोरडी भाकर, बिनतेलाची भाजी, सकाळी चार कोस पाय आपटणे. पुन्हा रक्त द्याले बुढीनं सेवाग्रामले नेलं. बाकड्यावर पंधरावीस लोकं कागद घेऊन बसलते. आकडा वाढला तं काय, या भेवानं मी बाकड्याच्या पार टोकाले जाऊन बसलो.

त्याच डॉक्टरीणबाई. माह्याच कागदावर नजर टाकली अन् साऱ्यायसमोर मोठ्यानं बोलल्या, "शाबास काका! फॅट किती उतरलं पाहा, एकशे नव्वदवर आलं!"

सुटलो! वाचलो! बुढीनं हात जोडले. अन् मी काय बोललो असन? देवाचं नाव? बाईचे उपकार?

तीस सालाची जीभ माह्यी. ताडकन उभा राह्यलो अन् म्हटलं,

"बाई, पुन्हा मोजा! पोराची शप्पत घेऊन सांगतो, एक थेंब पाणी नाई टाकलं मी त्यात!"