पागेसमोरची धुनी

पावसाळा ओसरला आणि एखाद्या गोठ्यापुढून जाताना गोवऱ्यांचा धूर नाकात गेला, की ती घटना समोर उभी राहते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांतले बरेच विसरूनही गेलो. दोन घोड्यांची ही केस मात्र पाठ सोडत नाही. माणसांची नावं लिहीत नाही. घोड्यांची लिहितो, त्यांची काही बदनामी व्हायची नाही.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. आमचा जिल्हा तेव्हा चांदा, आणि गडचिरोली ही त्यातली एक तहसील. अहेरीच्या बाजूला, जंगलातल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. कौलारू इमारत, एक कोठडी, सहा शिपाई आणि एक हवालदार. सागाची चोरी, मोहाच्या दारूची भट्टी, बाजाराच्या दिवशी फुटलेली डोकी, एवढीच आमची गुन्ह्यांची नोंदवही. हवालदार तिकडचाच, झाडीपट्टीतला. मी बाहेरचा, आणि आपल्याला सगळं कळतं असं समजणारा.

मला रेसचं वेड होतं. लहानपणी मामांनी पुण्याला घोड्यांची शर्यत दाखवली तेव्हापासूनचं. त्या आडगावात माझ्यासारखे आणखी तिघे निघाले: लाकडाचे ठेकेदार शेठ, पोस्टमास्तर आणि दवाखान्याचे डॉक्टर. रेसच्या बातम्यांचा अंक टपालाच्या मोटारीतून दोन-तीन दिवस उशिरा यायचा. पोस्टमास्तरनं त्याची घडी मोडायची नाही, असा आमचा कडक नियम. संध्याकाळी शेठच्या ओसरीवर चौघांनी जमायचं, आपापला घोडा सांगायचा आणि मग अंक उघडायचा. हरणाऱ्यानं भजी खिलवायची. शर्यत कधीच संपलेली, घोडे कधीच तबेल्यात परतलेले, आणि आम्ही इकडे उभे राहून ओरडतोय, "मार! मार! आला, आला!" शेठची बायको आतून म्हणायची, "लागलं याह्यले येड."

शेठच्या दोन थरोब्रेड घोड्या होत्या. हैद्राबादच्या रेसला धावलेल्या, कागदावर लांबलचक इंग्रजी नावं असलेल्या. त्या वर्षी त्यांनी पावसाळ्यात विश्रांतीसाठी म्हणून दोघींना आपल्या लाकडाच्या डेपोवर आणलं. थंडीत परत धावायला न्यायच्या होत्या. खरं कारण विश्रांती नव्हतं, मिरवणं होतं. आणि आम्हालाही तेच हवं होतं. ज्यांची नावं अंकात वाचायची त्या घोड्यांच्या मानेवरून हात फिरवायला मिळाला. मी तर पहिल्या दिवशी बूट काढून पागेत शिरलो होतो, देवळात शिरावं तसा.

त्यांच्याबरोबर त्यांचा साईस, म्हणजे मोतद्दार, आला. कामठीचा माणूस, पन्नाशीचा, वीसेक वर्षं रेसच्या तबेल्यांत घालवलेला. तो एकीला मखमल म्हणायचा आणि दुसरीला चांदणी. दोघींना स्वतः खरारा करायचा, चंदीचे हरभरे स्वतःच्या हातानं भिजवायचा. बोलणं कमी. पण आल्या आल्या शेठला म्हणाला होता, "मालक, पागा हाल्यायच्या बाजूले काऊन बांधली? दूर बांधा जी."

हाल्या म्हणजे रेडे. डेपोत ओंडके ओढायला रेड्यांच्या पन्नासेक जोड्या होत्या, आणि त्यांच्यावर बोटाच्या पेराएवढ्या माश्या घोंगावत असायच्या. शेठ हसले. पागा हलली नाही. मग साईसानं पागेसमोर धुनी लावली. गोवऱ्या, ओला पाला, कडुनिंब, दिवसभर धूर. शेठ कुरकुरायचे, की चांदणीचा पांढरा रंग पिवळा पडतो.

पाऊस संपता संपता मखमल आजारी पडली. ताप यायचा, उतरायचा. खायची नीट, तरी वाळत चालली. पाय आणि पोटाखालचा भाग सुजला, आणि एका दुपारी ती खाली बसली ती उठलीच नाही. शेठ तिच्या गळ्यात पडून रडले. ते खोटं नव्हतं. मीही डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात खबर आली. डेपोतल्या एका मुनिमानं चोरून येऊन सांगितलं, की साईस नाल्यापलीकडच्या गोंडांच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, जातो, तिथून बाटली आणतो, आणि त्यातलं काहीतरी घोड्यांना चोळतो. "चारतही असंन साहेब, मी का पाहाले गेलो?"

बस्स! माझे कान टवकारले. विषप्रयोग! रेसच्या जगात काय काय चालतं ते आम्ही चौघं अंकात वाचून पाठ केलं होतं. घोड्याला औषध घालतात, घोडा बदलतात, जॉकी लगाम खेचतो. शेठ म्हणाले, "हैद्राबादले मखमलीच्या भीतीनं लोक जळून राह्यले होते ठाणेदार साहेब. त्यायनंच हा मानूस फोडला." मला ते तंतोतंत पटलं. खरं सांगतो, वाईट वाटलं, तसा थोडा आनंदही झाला. सागचोर पकडून कंटाळलेल्या माणसाला पहिल्यांदाच आपल्या आवडीची केस मिळाली होती.

हवालदार हळूच म्हणाला, "साहेब, इथी घोडा टिकत नाई जी. पावसाळ्यात तं नाईच. आमच्या इकडं कोनी घोडा ठेवते का, पाहा."

मी त्याच्यावर खेकसलो, "तू मला रेस शिकवू नकोस."

भारतीय दंडविधान कलम चारशे एकोणतीस, जनावर मारल्याबद्दल. गुन्हा नोंदवला, पंचनामा केला, साईसाला कोठडीत घातलं, त्याच्या पेटीतून काळपट, उग्र वासाची बाटली जप्त केली. ढोरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून मखमलीची आतडी काढवून बरणीत सील करून तपासणीला पाठवली. ती बाटली देणाऱ्या टोल्यावरच्या म्हाताऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, "करंजीचं तेल हाय ते. माशी बसत नाई. मीच देल्लो त्याले. अन् सांगतलो का हाल्यापाशी घोडा बांधू नोको." मी त्याला हाकलून दिलं. त्याचा जबाब लिहून घेतला नाही. हे वाक्य लिहिताना आजही लाज वाटते.

मग चौकशी. त्या काळी चौकशी कशी असायची ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि मी काही साधुसंत नव्हतो. "कोणी फोडलं तुला? किती दिलं?" हाच प्रश्न फिरवून फिरवून. त्याचं उत्तरही एकच. "साहेब, मी नाई मारलो तिले. लेकरावानी वाढवलो." दुसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात तिडीक गेली. टेबलावरचा रूळ उचलला आणि त्याचा उजवा हात टेबलावर दाबून बोटांवर मारला. दोनदा. तो ओरडला नाही. हात पोटाशी धरून म्हणाला, "मले काय कराचं ते करा साहेब. पन चांदनीले तिथून हालवा. अन् धुनी विझू देऊ नोका."

मी शेठला हे सांगितलं. शेठ म्हणाले, "पाहा! घोडी रस्त्यावर आली का यायचे साथीदार टपूनच असतीन." मलाही तसंच वाटलं. अंकात असले प्रकार वाचलेलेच होते. मग मी पक्का बंदोबस्त केला. पागेवर आळीपाळीनं शिपायांचा पहारा. चंदी ठाण्यातून सीलबंद पिशवीत जाणार, पाणी शिपाई ओढणार. कोण आलं, कोण गेलं, घोडी कशी आहे, सकाळ-संध्याकाळ वहीत लिहायचं. धुराआडून कोणी आत शिरेल म्हणून धुनीवर मी स्वतः बादलीभर पाणी ओतवलं. शेठ खूश झाले. चांदणीला न्हाऊ घातलं, ती चांदीसारखी चमकायला लागली.

रोज संध्याकाळी मी पहाऱ्याची वही तपासायचो. "कोणी आले नाही. घोडी ठीक." "कोणी आले नाही. घोडी ठीक." नवव्या दिवशी शिपायानं वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं, "कोणी आले नाही. घोडीस ताप." दोन दिवस ठीक. पुन्हा ताप. मग, "पाय सुजले."

ती वही हातात घेऊन मी पागेसमोर कितीतरी वेळ उभा होतो. साईस माझ्या कोठडीत. बाटली माझ्या कपाटात, सीलबंद. चंदी माझी, पाणी माझं, माणसं माझी. तिच्यापाशी परका कोणी फिरकला नव्हता, आणि तिला मखमलीचंच दुखणं लागलं होतं. तिच्या पोटाखाली माश्या चिकटल्या होत्या. एक उडून शेजारच्या रेड्यावर बसली, दुसरी रेड्यावरून उडून हिच्यावर.

चांद्याहून ढोरांचे मोठे डॉक्टर आणवले. त्यांनी चांदणीच्या कानातून रक्ताचा थेंब घेतला, काचेवर पसरला, सूक्ष्मदर्शक लावला, आणि बाजूला होऊन म्हणाले, "या, बघा." रक्तात बारीक दोऱ्यासारखं काहीतरी वळवळत होतं.

"सर्रा," ते म्हणाले. "माशी एका जनावराचं रक्त दुसऱ्यात नेते. रेडा तगतो, घोडा मरतो. रेड्यांशेजारी पागा कोणत्या शहाण्यानं बांधली? आणि धूर का नाही केला?"

"होता धूर," मी म्हणालो. "मी विझवला."

त्यांनी काच पुसून ठेवली. मग म्हणाले, की धुरानं ती वाचलीच असती असं नाही, पण वाचली असती कदाचित. औषध बाहेरून मागवावं लागेल.

त्याच तासाला मी साईसाला सोडलं. तो माझ्यासाठी थांबलाही नाही, सरळ पागेकडे चालत सुटला. मी मागोमाग गेलो. त्यानं पहिल्यांदा धुनी पेटवली, डाव्या हातानं. उजव्या हाताची दोन बोटं काळीनिळी होऊन वाकडी झाली होती. मग चांदणीपुढे उभा राहिला. तिनं मान त्याच्या खांद्यावर टाकली. तो तिला म्हणाला, "मी कुठी गेलो नोतो वं. इथीच होतो."

आठवडाभर त्यानं डाव्या हातानं खरारा केला. शेवटी ती बसली. तिचं डोकं मांडीवर घेऊन तो बसून राहिला आणि दुपारी ती गेली. औषधाचं पार्सल दुसऱ्या दिवशी टपालाच्या मोटारीतून आलं. त्याच थैलीत रेसचा अंक होता. आम्ही चौघं ओसरीवर जमलो खरे, पण अंकाला कोणी हात लावला नाही. पोस्टमास्तर म्हणाले, "राहू द्या." तो तसाच घडीत राहिला. त्यानंतर आम्ही कधी जमलो नाही.

पुढे तपासणीचा अहवाल आला: मखमलीच्या आतड्यांत विष नाही, बाटलीत करंज तेल. साईस ठाण्यात आला, दारातच उभा राहिला. म्हणाला, "साहेब, मले एक चिठ्ठी लिहून द्या. का घोड्या माशीनं मेल्या, यानं नाई मारल्या. ते नसंन तं मले कोनी तबेल्यात उभा करनार नाई."

तो खरंच बोलत होता. विषाचा डाग लागलेल्या साईसाला रेसवाले फाटकाच्या आत घेत नाहीत. मी शेठकडे गेलो. त्यांची चिठ्ठी जास्त कामाची. शेठ मान खाली घालून म्हणाले, "ठाणेदार साहेब, दुश्मनानं इख घातलं म्हटलं तं घोडीची इज्जत राह्यते. रेड्याच्या माशीनं मेली म्हटलं तं हैद्राबादले माह्यावर हासतीन." त्यांचं प्रेम मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण घोडी कशी मेली यापेक्षा तिच्या भीतीनं कोणीतरी तिला मारलं, हे सांगण्यात त्यांना जास्त मोठेपणा वाटत होता. विषाची गोष्ट ते सांगत राहिले, आणि ती तबेल्या-तबेल्यांत पोचली.

आणि मी? चिठ्ठी लिहायची तर बोटांचं काय, पहाऱ्याचं काय, धुनीचं काय, हे प्रश्न आलेच असते. माझी बढती जवळ आली होती. मी मूग गिळून बसलो. कागदावर लिहिलं, "पुराव्याअभावी सोडून दिले." तो कागद त्यानं वाचून घेतला, घडी केली आणि माझ्याच टेबलावर ठेवून गेला.

काही वर्षांनी राज्यांची पुनर्रचना झाली, माझी बदली पुण्याकडे झाली. रेसच्या दिवशी बंदोबस्ताला होतो. कुंपणाबाहेर, तारेला नाक लावून उभ्या असलेल्या गर्दीत तो दिसला. केस पांढरे, उजवा हात सदऱ्याच्या खिशात. मी जवळ गेलो. त्यानं ओळखलं.

"काय करता आता?" मी विचारलं. तोपर्यंत मी त्याला कधी अहोजाहो केलं नव्हतं.

"हमाली. सुट्टीच्या दिवशी घोडे पाहाले येतो."

"आत चला. मी सांगतो फाटकावर. आणि ती चिठ्ठी... आता लिहून देतो."

तो हसला. रागानं नाही, आणि तेच जास्त लागलं. "आता कोनाले दाखवू साहेब? ज्यायले दाखवाची होती ते मालक गेले. ह्या हातानं आता खरारा बी होत नाई." मग घोडे सुटले, आणि तो माझ्याकडे पाठ करून तारेपलीकडे पाहू लागला. मी ड्यूटीवर परत गेलो. पुन्हा तो भेटला नाही.

केसनं काय शिकवलं, असं मला तरुण अधिकारी विचारतात. एवढंच सांगतो, की ज्या गोष्टीची आपल्याला आवड आहे, त्या गोष्टीचा तपास दुसऱ्याकडे द्या. मला त्या पागेत गुन्हाच दिसायला हवा होता, म्हणून तो दिसला. हवालदाराला दिसत होतं, टोल्यावरच्या म्हाताऱ्याला दिसत होतं. त्यांनी कधी रेसचा अंक वाचला नव्हता.

बाकी राहिलं ते एक काम. उशीर फार झाला, पण लिहून ठेवतो. दाखला देण्यात येतो, की मखमल व चांदणी या दोन घोड्या सर्र्याच्या रोगानं मेल्या. सदर साईसानं त्यांना मारलं नाही; त्या वाचाव्यात म्हणून धुनी लावणारा आणि शेवटपर्यंत सांगणारा तोच होता. धुनी ठाणेदारानं विझवली.